बेटावर पर्यटन उभं करताना: आधी विहीर, मग खोल्या

बेटावर पर्यटन सुरू करायचं ठरलं की पहिली बैठक खोल्यांवर होते. किती बांधायच्या, एसी बसवायचा का, फोटो कुठे टाकायचे. ती बैठक महिनाभर पुढे ढकला. बेटाला किती पाहुणे झेपतील हे खाटा ठरवत नाहीत. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात विहिरीत किती गोडं पाणी उरतं, मैल्याची टाकी किती सोसते आणि प्रवाळावर किती होड्या नांगर न टाकता उभ्या राहू शकतात, या तीन आकड्यांपैकी जो सगळ्यात लहान तोच बेटाचा आकडा. सरासरी काढायची नाही. पावसाळ्यानंतरची भरलेली विहीर बघून केलेला आराखडा उन्हाळ्यात फसतो, आणि गर्दी नेमकी कोरड्या दिवसांतच असते.

पाण्याचा हिशोब

लहान, वाळूच्या किंवा प्रवाळी बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. मुरलेल्या पावसाचा भिंगासारखा थर खाली साठतो. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड, त्यामुळे समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. हे गणित उलटंही चालतं, आणि घात तिथेच होतो. उपशाने पातळी नुसती १० सेंटिमीटर उतरून तशीच राहिली तर खालचं खारं पाणी कालांतराने ४ मीटर वर सरकू शकतं. प्रत्यक्षात गोड्या-खाऱ्याची सीमा धारदार नसते, मध्ये मचूळ पाण्याचा जाड पट्टा असतो, म्हणून त्रास हिशोबापेक्षा आधीच सुरू होतो.

पाणी कमी पडलं की लोक विहीर खोल करतात. बेटावर याहून मोठी चूक नाही, कारण खोली वाढली की तुम्ही मचूळ पट्ट्याच्या जवळ जाता. एका खोल विहिरीवर मोठा पंप लावण्यापेक्षा चार-पाच उथळ विहिरींवर लहान पंप लावा. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळाच्या तळाची झडप) पाण्याच्या पृष्ठभागाखाली थोडासाच बुडेल असा ठेवा आणि उपसा दिवसभरात थोडा थोडा करा. एकदा विहीर खारट झाली की ती सुधारायला पंप बंद ठेवून चांगल्या पावसाळ्यांची वाट बघावी लागते.

आता आकडेमोड. समजा बेटावर ६०० माणसं राहतात आणि माणशी ७० लिटर वापरतात, म्हणजे रोजचे ४२,००० लिटर. पावसाआधीच्या शेवटच्या महिन्यात विहिरी आणि टाक्या मिळून रोज ६०,००० लिटर सुरक्षितपणे मिळतात. पाऊस लांबला तर म्हणून यातला पाचवा हिस्सा, १२,००० लिटर, हात न लावता बाजूला ठेवा. उरले ६,००० लिटर. मुक्कामी पाहुणा समुद्रातून आला की अंघोळ करतो, त्याच्या चादरी धुवाव्या लागतात, फ्लश वापरतो. काटकसर करूनही १५० लिटर धरा. म्हणजे त्या महिन्यात ४० पाहुणे. बेटावर तेव्हा १४० खाटा तयार असतील तर उरलेल्या १०० खाटांचं पाणी गावकऱ्यांच्या हंड्यातून जाणार, आणि पर्यटनाविरुद्धचं पहिलं भांडण पाणवठ्यावर सुरू होणार.

आकडा वाढवायचा तर छपरांकडे बघा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटर छप्पर आणि १,००० मिलिमीटर पाऊस असेल तर १ लाख लिटर, गळती आणि बाष्पीभवन वजा जाता ८०,००० लिटर हाती येतात. ४ पाहुण्यांना १२० कोरड्या दिवसांसाठी ७२,००० लिटर लागतात, म्हणजे छप्पर पुरतं. अडतं ते टाकीशी. तेवढ्या आकाराची टाकी हा खोलीइतकाच मोठा खर्च असतो, तो खोलीच्याच अंदाजपत्रकात धरा. दर पावसाच्या सुरुवातीचं १ ते २ मिलिमीटर पाणी पक्ष्यांची विष्ठा, धूळ आणि मीठ घेऊन येतं. १०० चौरस मीटर छपराला ते १०० ते २०० लिटर होतं. ते पन्हळीतून आधी बाजूच्या उभ्या पाइपात जाईल आणि तो भरल्यावरच टाकीकडे वळेल अशी जोडणी करा. त्या पाइपाच्या तळाला बारीक भोक हवं, नाहीतर पुढच्या पावसाला तो भरलेलाच असतो आणि सगळी घाण टाकीत जाते. टाकीच्या प्रत्येक तोंडाला डासांची जाळी.

खारं पाणी गोडं करणारं यंत्र हा शेवटचा उपाय. ते वीज खातं, आणि आत घेतलेल्या पाण्याचा निम्म्याहून जास्त भाग जवळपास दुप्पट खारट होऊन बाहेर पडतो. तो उथळ खाजणात किंवा प्रवाळाच्या कडेला सोडला तर जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. यंत्र घ्यायचंच असेल तर निचऱ्याचा नळ प्रवाह जोरात असेल तिथवर न्यायचा खर्च त्यातच मोजा.

मैला: जो दिसत नाही तो

फिलिपिन्समधलं बोराकाय बेट २०१८ साली २६ एप्रिलपासून ६ महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावं लागलं. मोठं कारण हेच, सांडपाणी प्रक्रिया न होता समुद्रात जात होतं. बेट छोटं असो की मोठं, साखळी तीच: मैल्यातला नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतो, शेवाळ फोफावतं, प्रवाळाला ऊन आणि जागा मिळत नाही. पाहुणा ज्या समुद्रासाठी आला तोच तो खराब करून जातो, आणि त्याला ते कळतही नाही.

सेप्टिक टँकचा आकार सरासरीवर नाही, सुटीच्या भरगच्च आठवड्यावर काढा. २० पाहुणे, माणशी १२० लिटर सांडपाणी, म्हणजे रोजचे २,४०० लिटर. ते किमान २ दिवस टाकीत थांबलं पाहिजे, म्हणजे ४,८०० लिटर. गाळासाठी माणशी वर्षाला ४० लिटर धरून ३ वर्षांचे आणखी २,४००. एकूण ७,२०० लिटर. टाकीचे दोन कप्पे करा, पहिला दोन-तृतीयांश. बाहेर जाणाऱ्या नळाला इंग्रजी टीच्या आकाराचा जोड लावा, म्हणजे वरचा तवंग पुढे जात नाही. कपड्यांचा साबण आणि स्वयंपाकघराचं तेल याच टाकीत सोडलं तर ती लवकर तुंबते. तेलासाठी वेगळा सापळा हवा आणि तो दर आठवड्याला उपसायला हवा.

एवढ्यावर लोक थांबतात आणि पुढे शोषखड्डा खणतात. मातीच्या जमिनीत ते चालतं. वाळू आणि प्रवाळी चुनखडीत पाणी गाळून न निघता सरळ खाली पळतं, म्हणजे थेट तुमच्या विहिरीत किंवा लवकरच समुद्रात. म्हणून टाकीनंतर खाली न गळणारी, खडी भरलेली आणि पाणवनस्पती लावलेली वाफ्यासारखी गाळणी बांधा. उष्ण हवामानात माणशी १ ते २ चौरस मीटर जागा लागते. त्यातून निघालेलं पाणी झाडांना द्या, आळ्याच्या खालून, शिंपडून नको. जागा किंवा पाणी अगदीच कमी असेल तर कोरडं, खत करणारं शौचालय जास्त शहाणपणाचं. झांझिबारजवळच्या चुंबे बेटावरच्या मुक्कामाच्या झोपड्या पावसाच्या पाण्यावर आणि अशाच शौचालयांवर चालतात. या शौचालयाची अट एकच: दर वेळी वरून सुका पालापाचोळा किंवा भुसा पडला पाहिजे. तो ठेवायचं भांडं आत, हाताशी हवं. दाराबाहेर ठेवलं तर कुणी टाकत नाही आणि वास सुटतो.

टाकी उपसल्यावर गाळ कुठे जाणार, हे बांधकामाआधी लिहून घ्या. बेटावर गाळ उपसणारी गाडी येत नाही. विहिरींपासून दूर, उंचावर, खाली पक्का तळ असलेला सुकवणीचा वाफा लागेल.

कचऱ्याचा नियम सोपा आहे: जे बेटावर कुजत नाही ते ज्या होडीने आलं तिनेच परत जाईल. माल उतरवून होडी रिकामी परततेच. बाटलीबंद पाणी विकणं बंद करून गाळलेल्या पाण्याचे नळ लावले की रोजच्या कचऱ्यातला सगळ्यात फुगीर भाग एका झटक्यात जातो.

नांगर नको, बोया हवा

प्रवाळावर पडलेला एक नांगर आणि मागून ओढली जाणारी साखळी काही मिनिटांत जे मोडते ते भरून यायला दशकं लागतात. म्हणून प्रत्येक पोहण्या-डुबकीच्या जागी कायमचे बोये, म्हणजे तळाला पक्क्या केलेल्या, होडी बांधायच्या तरंगत्या खुणा, बसवा. बोया स्वस्त असतो, तळाची पकड महाग, आणि पैसे तिथेच वाचवले जातात.

पुष्कळ ठिकाणी सिमेंटचा ठोकळा टाकून काम भागवतात. जमिनीवर १ टनाचा ठोकळा समुद्रात साधारण ५७० किलोच भरतो, बाकीचं वजन पाणी उचलतं. वादळात तो सरकतो आणि नांगरापेक्षा जास्त नासधूस करतो. तळ बघून पकड निवडा. कठीण खडक असेल तर भोक पाडून सिमेंटने पक्की केलेली स्टेनलेसची कडी. वाळू असेल तर स्क्रूसारखी आत फिरवत नेलेली पात्याची सळई किंवा ठोकून आत गेल्यावर ओढ बसताच आडवी होणारी पकड. जिवंत प्रवाळात काहीही ठोकायचं नाही, शेजारचा वाळूचा पट्टा शोधा. बसवून झाल्यावर होडीच्या अपेक्षित ओढीपेक्षा जास्त ताण देऊन तपासा आणि तो आकडा वहीत लिहा.

दोराची रचना अशी. तळाच्या कडीपासून वर जाणारा दोर, त्याच्या मध्ये पाण्याखालीच राहणारा लहान तरंगता गोळा, वर मुख्य बोया, आणि बोयाच्या आरपार जाऊन पुढे पृष्ठभागावर तरंगणारा होडी बांधायचा दोर. मधला गोळा बहुतेक जण गाळतात. तो नसला की ओहोटीला दोर सैल पडतो, तळाला टेकतो आणि वाऱ्याबरोबर गोल फिरत आजूबाजूचं प्रवाळ झाडूसारखं साफ करतो. बोयाभोवती वाळूचं स्वच्छ गोल दिसलं तर समजा, हेच झालंय. दोराची लांबी उधाणाच्या भरतीवर मोजा, नाहीतर पौर्णिमेला बोयाच पाण्याखाली जातो.

आता शॅकल, म्हणजे दोर आणि कडी जोडणारी, पिन लावून बंद होणारी यू आकाराची धातूची जोडकडी. लाटांच्या सततच्या हेलकाव्याने तिची पिन आपोआप उलटी फिरून सुटते. पिनच्या डोळ्यातून तार ओवून ती शॅकलच्या अंगाला घट्ट बांधा. नुसती पान्याने आवळून भागत नाही. स्टेनलेसची कडी आणि जस्त चढवलेली शॅकल एकमेकींना थेट लावू नका, खाऱ्या पाण्यात जस्ताची बाजू भराभर खाल्ली जाते. दोराच्या फासात धातूचा किंवा कठीण प्लास्टिकचा खोबणीदार डोळा नसेल तर दोर तिथेच कापला जातो. वरचा भाग दर महिन्याला, तळ दर ३ महिन्यांनी आणि प्रत्येक वादळानंतर तपासा. दोरावर शिंपले चढतात, ते खरवडताना सुरी दोरालाच लागते, म्हणून लाकडी पट्टी वापरा. शॅकल किंवा पिनची जाडी एक-चतुर्थांश झिजली की बदला. एका बोयाला एकच होडी, आणि जास्तीत जास्त किती लांबीची, हे बोयावरच रंगवा.

बोये झाले की जागेची क्षमताही मोजता येते, पण इथे फसगत असते. ६ जागी एकेक बोया, दिवसाच्या ३ वेळा, होडीत १० माणसं, म्हणजे १८० माणसं रोज. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत एका जागी वर्षाला ४,००० ते ६,००० डुबक्यांपलीकडे प्रवाळाची हानी वाढते असं दिसलं. ५,००० धरून ३०० दिवसांत वाटा: जागेला रोज १६ किंवा १७. सहा जागांना शंभराच्या आसपास. म्हणजे बोये १८० म्हणतात, प्रवाळ १०० म्हणतं. प्रवाळाचं ऐका. आणि हा आकडा तिथला आहे. तुमच्याकडे फांद्यांचं नाजूक प्रवाळ जास्त असेल तर निम्म्यापासून सुरू करा.

पाण्यातला पाहुणा

होडीत सगळ्यांना दिलेली सूचना एका कानाने ऐकली जाते. कॅरिबियनमधल्याच सेंट लुशिया बेटावर डुबकी मारणाऱ्या माणसांच्या अभ्यासात नुसत्या छोट्या सूचनेने प्रवाळाला होणारे स्पर्श कमी झाले नाहीत. मार्गदर्शकाने पाण्यात तिथल्या तिथे टोकल्यावर झाले. म्हणून एका मार्गदर्शकामागे ६ पेक्षा जास्त माणसं देऊ नका, आणि टोकणं हे त्याच्या कामात लिहूनच द्या. तो बक्षिसीवर जगत असेल तर टोकणार नाही, त्याला ठरलेला पगार हवा.

पहिली १० मिनिटं सगळ्यांना वाळूवर फिरवा. सगळ्यात जास्त धडका याच वेळात बसतात, आणि बहुतेक पायांतल्या फिनच्या. नवशिक्या पोहणाऱ्याला लाइफजॅकेट सक्तीचं, कारण दमलेला माणूस हमखास पायाखालच्या प्रवाळावर उभा राहतो. मार्गदर्शकाने सोबत तरंगती रिंग न्यावी, दमलेले तिला धरतील. हातमोजे नकोत; हातमोजे असले की माणूस निर्धास्तपणे धरतो. प्रवाळावर मीटरभरापेक्षा कमी पाणी असेल तर जागा बंद, म्हणून फेऱ्यांचं वेळापत्रक घड्याळावर नाही, भरतीच्या तक्त्यावर बसवा. माशांना खाऊ घालणं पूर्ण बंद. सनस्क्रीनबाबत अमेरिकेच्या हवाई राज्याने प्रवाळाला घातक मानलेली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्यांची विक्री १ जानेवारी २०२१ पासून थांबवली, प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशाने त्याच्या वर्षभर आधी अशीच बंदी आणली. बंदीपेक्षा सोपं म्हणजे लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट भाड्याने ठेवा.

डुबकी चालवणार असाल तर होडीवर प्राणवायूचा सिलिंडर, तो द्यायला शिकलेला माणूस, आणि जवळचं दाबकक्ष (डुबकीनंतरच्या त्रासावर उपचाराची हवेच्या दाबाची खोली) असलेलं रुग्णालय किती तासांवर आहे याचा लेखी मार्ग. हे नसेल तर डुबकी सुरू करू नका.

पुळण

इमारत वनस्पतींच्या रेषेच्या मागे, आणि जितकी मागे तितकी चांगली. पुळणीवरची वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटून मोकळी वाळू केली की फोटो चांगला येतो आणि दोन उधाणांत वाळू जाते. मग भिंत बांधतात. लाट भिंतीवर आपटून समोरची उरलेली वाळूही ओढून नेते आणि भिंतीच्या टोकाला शेजाऱ्याचा किनारा खचतो. उथळ पाण्यातलं समुद्रगवत पाहुण्यांच्या पायाला लागतं म्हणून काढू नका, तेच वाळू धरून ठेवतं. कासवं अंडी घालत असतील तर त्या महिन्यांत किनाऱ्याकडचे दिवे पिवळसर-नारिंगी, गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि वरून झाकलेले. पांढऱ्या दिव्याकडे पिल्लं जमिनीच्या दिशेने चालत जातात आणि सकाळपर्यंत मरतात. रात्री पुळणीवर खुर्च्याही ठेवू नका, कासवं त्यांत अडकतात.

पैसा कुणाच्या हातात

बोनेअरची आणखी एक गोष्ट उपयोगाची. तिथलं सागरी उद्यान १९७९ साली अनुदानावर सुरू झालं, अनुदान संपल्यावर काही वर्षं ते कागदावरच उरलं. १९९२ साली प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला सुरुवात झाली आणि उद्यान स्वतःच्या पायावर उभं राहिलं. यातून घ्यायचं ते हे: बोयांचे दोर दरवर्षी झिजतात, म्हणून पैसाही दरवर्षी यायला हवा. शुल्क पहिल्या दिवसापासून घ्या, नंतर लावलेलं कुणी आनंदाने देत नाही. ते वेगळ्या खात्यात जमा करा आणि जमा-खर्च दर महिन्याला धक्क्यावरच्या फळ्यावर लावा.

मासेमारांना शेवटी बोलावलं तर सगळं बिघडतं. कोणत्या महिन्यात कोणती जागा जाळ्यांची, कुठे मासे अंडी घालतात, वारा फिरल्यावर होडी कुठे लावायची, हे नकाशावर त्यांच्याकडूनच काढून घ्या, तांडेलांसोबत बसून. फिलिपिन्सच्या अपो बेटावर १९८२ साली गावानेच किनाऱ्याचा एक तुकडा मासेमारीला बंद केला. पुढे तिथेच पाणबुडे येऊ लागले. बंदी बाहेरून लादली असती तर रात्री जाळी पडलीच असती. होड्यांच्या फेऱ्या पाळीने द्या, नाहीतर धक्क्यावर भाव पाडायची शर्यत लागते आणि ती भरून काढायला होडीत माणसं कोंबली जातात. बाहेरच्या टूर कंपनीशी करार करताना आगाऊ रक्कम, रद्द केल्यास कोण भरणार आणि दिवसाची कमाल संख्या या तीन गोष्टी लेखी हव्यात. मानांकनाची प्रमाणपत्रं वगैरे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघा.

थांबवायचं कुणी

मर्यादा घालणं शक्य असतं. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर एका वेळी ४०० पेक्षा जास्त पर्यटक राहू दिले जात नाहीत. थायलंडची माया खाडी २०१८ च्या जूनमध्ये बंद झाली ती २०२२ च्या जानेवारीतच उघडली, आणि तेव्हा होड्यांना खाडीच्या तोंडातून आत यायला मनाई करून मागच्या बाजूला धक्का दिला गेला. साडेतीन वर्षं सगळंच बंद ठेवण्यापेक्षा आधी थोडं थोडं थांबवणं स्वस्त पडतं.

त्यासाठी तीन मोजमापं पुरतात. विहिरीतला खारटपणा दर आठवड्याला, एकाच वेळी आणि भरतीच्या एकाच टप्प्यावर, साध्या हातातल्या मीटरने. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की चव लागू लागते. पोहण्याच्या पाण्यातले, मैला मिसळल्याची खूण असलेले एन्टेरोकोकाय जिवाणू महिन्यातून एकदा. अमेरिकेचा मापदंड १०० मिलिलिटरला सरासरी ३५ आहे, तो वापरता येतो. आणि प्रत्येक जागी ठरलेल्या चौकटीचा वरून काढलेला फोटो, वर्षातून दोनदा, त्याच कोनातून. चौकटीचे कोपरे तळाशी खुणा करून पक्के केले नसतील तर दोन फोटोंची तुलनाच होत नाही.

प्रत्येक आकड्यासमोर पर्यटन सुरू व्हायच्या आधी लिहा, तो ओलांडला की काय बंद होणार. विहीर खारट झाली तर नवी आरक्षणं थांबणार. जिवाणू वाढले तर पोहणं बंद, कारण सापडेपर्यंत. एका जागी प्रवाळाचे ताजे मोडलेले तुकडे वाढले तर तिथला बोया ६ महिने काढून ठेवणार. आणि धक्क्यावर त्या दिवशीचा आकडा भरला की पुढची होडी परत पाठवायचा अधिकार एका माणसाला नावानिशी द्या. तो माणूस होडीचा मालक नसावा, खोल्यांचाही नसावा, आणि त्याचा पगार शुल्काच्या खात्यातून निघावा.